वानर आणि चितळ: सोबत की नुसता शेजार?

एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "ताडोब्याच्या सफारीत गाईड म्हणाले, वानर झाडावरून पाला आणि फळं टाकतं, चितळ ती खाली खातं, आणि बदल्यात वाघाचा वास लागला की वानराला सावध करतं. ही दोस्ती खरी, की पर्यटकांना सांगायची गोष्ट? दोन वेगळ्या जाती एकमेकांना मदत करतात हे संशोधक ठरवतात तरी कसं? मला याच विषयावर तीन महिन्यांचा प्रोजेक्ट करायचा आहे."

गाईडने सांगितलं त्यातलं बरंचसं खरं आहे. 'बदल्यात' हा एक शब्द मात्र माझ्या गळी उतरत नाही. गेली वीसेक वर्षं मी मध्य भारतातल्या जंगलांत याच एका शब्दाभोवती घुटमळतोय म्हणा ना.

आधी डोळ्यांना काय दिसतं ते बघू. मार्चमधली सकाळ. कुसुमाला लाल पालवी फुटलेली. वर दहा-बारा वानरं. एक मादी फांदी ओढते, पानांचा झुबका तोडते, देठाकडचा कोवळा भाग चावते आणि उरलेलं सगळं खाली सोडून देते. पुन्हा दुसरी फांदी. घरात पोरगं असं जेवलं तर आजीने पाठीत धपाटा घातला असता. खाली चितळाच्या पाच माद्या आणि शिंगांवर मखमल असलेला एक नर. डहाळी खाली पडली की जवळच्या चितळाचा एक कान तिकडे वळतो. मान उचलली जात नाही, फक्त कान. मग दोन पावलं टाकून ते डहाळी गाठतं. उन्हाळ्यात जमिनीवर गवत वाळून कडबा झालेलं असताना वरून असा कोवळा पाला पडणं म्हणजे मेजवानीच. झाडावर चढणं चितळाला कधीच जमणार नाही आणि इतक्या उंचीवरची पालवी त्याला दुसऱ्या कुठल्याही वाटेने मिळणार नाही.

आता यातून 'वानर चितळाला खायला घालतं' असं म्हणता येईल का? वानर पाला टाकतं तो सांडलवंड करायची त्याची सवय आहे म्हणून. खाली चितळ नसलं तरी ते तितकाच पाला टाकतं. त्यात त्याचा जादा खर्च शून्य. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: खर्च कोण करतंय? फायदा कोणाला होतो हे सगळेच विचारतात. पण दुसऱ्याच्या सांडण्यावर जगणं आणि दुसऱ्याने आपल्यासाठी राखून ठेवणं यातला फरक खर्चाच्या बाजूनेच कळतो.

या जोडीवर गाजलेलं काम पॉल न्यूटन यांचं. त्यांनी १९८०च्या दशकात कान्ह्यात वानरांचा अभ्यास केला आणि १९८९ साली चितळ-वानर संगतीवर शोधनिबंध लिहिला. तुमचाच प्रश्न त्याच्या शीर्षकात आहे: ही योगायोगाने होणारी गाठभेट आहे की परस्परांच्या लाभाचं नातं? त्यांच्या नोंदींतली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट म्हणजे संगत सुरू करणारं आणि टिकवणारं बहुतेक वेळा चितळच असतं. वानरांचा कळप निघाला की चितळ मागे जातात, चितळ निघाले म्हणून वानरं मागे गेली असं सहसा होत नाही. दोस्ती म्हणायची तर ती बरीचशी एका बाजूने चालत जाणारी आहे.

'योगायोग' हा शब्द हलका घेऊ नका. माझी पहिली मोठी चूक याच ठिकाणी झाली. पहिल्या हंगामात मी रोज सकाळी वानरं शोधायचो आणि त्यांच्या जवळपास चितळ आहेत का ते लिहायचो. दोन महिन्यांनी वही उघडली तर निम्म्याहून जास्त वेळा दोन्ही एकत्र! मी खूश. आमच्याबरोबर एक वयस्कर वनमजूर असायचे. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही लग्नाच्या मांडवात बसून माणसं मोजता, मग सगळी नटलेलीच दिसणार." मी बसायचो ती झाडं फळा-पालवीची होती, पाणवठ्याजवळची होती. तिथे वानरंही येणार, चितळही येणार, आणि डुक्करही येणार. डुकराशी दोस्ती आहे असं कोणी म्हणत नाही.

हा पेच सोडवायला एक जुनी युक्ती आहे. पीटर वेझर यांनी १९८२ साली आफ्रिकेतल्या माकडांच्या मिश्र कळपांसाठी ती वापरली, आणि तिचं मूळ वायूतल्या रेणूंच्या गणितात आहे. दोन जातींचे कळप एकमेकांची दखल न घेता आपापल्या नादात भटकत आहेत असं धरायचं. मग त्यांची संख्या, चालण्याचा वेग, कळपाचा पसारा आणि 'एकत्र' म्हणण्यासाठी आपण ठरवलेलं अंतर, एवढ्यावरून त्यांची किती वेळा गाठ पडावी आणि ती किती वेळ टिकावी हे काढता येतं. प्रत्यक्षात गाठी त्याहून बऱ्याच जास्त पडत असतील किंवा जास्त लांबत असतील, तरच पुढे बोलायचं. मी स्वतः आणखी सोपा मार्ग वापरतो. वानरांचा मंगळवारचा माग आणि चितळांचा शुक्रवारचा माग एकाच नकाशावर ठेवायचा. त्या दिवशी ते एकमेकांना भेटलेलेच नाहीत, म्हणून तिथे जी जवळीक दिसेल ती निव्वळ जागेची. असे शेकडो खोटे दिवस संगणकाकडून तयार करून घ्यायचे आणि खरे दिवस त्यांच्याशी ताडून बघायचे.

तरीही झाडाचा प्रश्न उरतोच. मोहाचंच घ्या. मोहाची फुलं रात्री-पहाटे आपोआप गळतात. सकाळी झाडावर वानरं आणि खाली फुलं वेचणारी चितळं असा सुरेख फोटो मिळतो, पण तेवढ्यावरून वानरांनी काही पाडलं असं सिद्ध होत नाही. म्हणून तुलना त्याच झाडाखाली करायची: वर वानरं असताना आणि नसताना. खाली पडलेल्या तुकड्यांवर तोडल्या-चावल्याची खूण आहे का बघायचं. चितळ एका मिनिटात किती घास घेतं ते मोजायचं. कंटाळवाणं काम आहे, पण 'सोबत असणं' आणि 'सोबतीमुळे मिळणं' यातली रेघ या कंटाळ्यातूनच आखली जाते.

आता गाईडच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे कॉल, धोक्याची हाक.

विदर्भात जिप्सीत बसलेला कोणीही 'कॉल चालू आहे' म्हटलं की ताठ बसतो. चितळाची ती तीक्ष्ण हाक, पाय आपटणं, शेपटी उभी करून एकाच दिशेला रोखलेली नजर. वानराचा तो घशातून येणारा खोकल्यासारखा खरखरीत 'खॅक', आणि सोबत हुप्प्याच्या उड्या. दोघांची ज्ञानेंद्रियं एकमेकांना पूरक आहेत हे खरंच आहे. वानर उंचावरून लांबचं बघतं. चितळाचं नाक चांगलं, कान चांगले, पण गवतात लपलेला वाघ नजरेने टिपणं त्याला अवघड. बिबट्या वानरालाही लागतो आणि चितळालाही. एकाची हाक दुसऱ्याला उपयोगी पडते यात शंका नाही.

परक्या जातीची हाक ओळखता येते याचे प्रयोगही झाले आहेत. उमा रामकृष्णन आणि रिचर्ड कॉस यांनी दक्षिण भारतातल्या बोनेट माकडांना, म्हणजे आपल्या घाटातल्या लाल तोंडाच्या माकडांना, निलगिरी वानराच्या आणि सांबराच्या धोक्याच्या हाका ऐकवल्या. त्यांचं काम २००० साली प्रसिद्ध झालं. माकडं त्या हाकांचा अर्थ धोका असाच लावतात असं दिसलं.

पण हाक मारणारा कोणासाठी ओरडतो? हरणांच्या बाबतीत एक शक्यता अशी, की ती हाक थेट शिकाऱ्याला उद्देशून असते: 'तू दिसलास, आता दबा धरण्यात अर्थ नाही.' वाघाची सारी मदार अचानकपणावर असते, त्यामुळे असं जाहीर करणं चितळाच्या स्वतःच्या फायद्याचं. शिवाय कळपात त्याची पाडसं असतात, त्यांनाही सावध करता येतं. वानर हे सगळं नुसतं ऐकतं. आपण एसटीत शेजारच्यांचं बोलणं ऐकून 'पुढे घाट बंद आहे' हे जाणून घेतो, तसं. बोलणाऱ्याने आपल्याला मदत केली असं आपण म्हणत नाही, फायदा मात्र होतो.

मग वानराला या संगतीतून काही मिळतं का? झाडावर फारसं नाही. खाली उतरल्यावर मिळतं. पाण्यासाठी, पडलेल्या फळांसाठी वानरं जमिनीवर येतात, आणि जमिनीवरचं वानर म्हणजे अर्धं गमावलेलं वानर. तेव्हा भोवती नाक-कान उघडे ठेवून चरणारी वीस चितळं असणं ही चैनच. हे तपासायचं तर वानराने जमिनीवर असताना किती वेळ मान वर करून पाहण्यात घालवला हे मोजावं लागतं, चितळ असताना आणि नसताना. इथेही खड्डे आहेत. कळप मोठा असला की प्रत्येक प्राणी तसाही कमी वेळा मान वर करतो. झाडी जवळ असेल तर जास्त करतो. पिल्लू असलेली मादी वेगळी वागते. हे सगळं सारखं ठेवून तुलना करायची तर शंभर तासांतून कामाचे दहा तास हाती लागतात.

मोजण्याची शिस्त मात्र नीट शिकून घ्या. जीन आल्टमन यांनी १९७४ साली वर्तन निरीक्षणाच्या पद्धतींवर जो लेख लिहिला, तो या धंद्यात अजून पहिला पाठ मानला जातो. त्याचं सार माझ्या शब्दांत: जे लक्ष वेधून घेतं ते लिहू नका, जे आधी ठरवलंय ते लिहा. एक प्राणी निवडा, दहा मिनिटं तोच. तो झुडपाआड गेला तर 'दिसत नाही' असं लिहा, शेजारच्याकडे वळू नका. वानराने चितळाच्या पाठीवर हात ठेवला हे दृश्य फोटोसाठी झकास, पण तुमच्या दहा मिनिटांत ते नसेल तर वहीच्या मागच्या पानावर.

हाका ऐकवायचे प्रयोग करणार असाल तर एक सावधगिरी. एकच रेकॉर्डिंग वीस वेळा वाजवलं म्हणजे वीस प्रयोग होत नाहीत. डोनाल्ड क्रूड्समा यांनी १९८९ साली पक्षी-अभ्यासकांना याबद्दल चांगलं फटकारलं होतं. वीस वेगवेगळ्या प्राण्यांच्या वीस हाका हव्यात, आणि तितक्याच मोठ्या आवाजातले निरुपद्रवी आवाजही, कारण स्पीकरमधून अचानक काहीही आलं तरी चितळ दचकणारच.

माझं बोलणं ऐकून वाटेल की हा माणूस सगळ्याच नात्यांकडे संशयाने बघतो. तसं नाही. मोजमाप केल्यावर कधी गोष्ट फुटते, तर कधी आधीपेक्षा भारी निघते. आफ्रिकेतला ऑक्सपेकर पक्षी बघा. गुरांच्या, गेंड्यांच्या अंगावर बसून गोचिड्या खाणारा म्हणून शाळेच्या पुस्तकांत सहकाराचं हेच उदाहरण असायचं. पॉल वीक्स यांनी झिम्बाब्वेत काही गुरांपासून हे पक्षी लांब ठेवले आणि २०००च्या सुमारास निष्कर्ष मांडला: पक्षी नसल्याने प्रौढ गोचिड्यांच्या संख्येत फरक पडला नाही. उलट पक्षी जखमा उकरून उघड्या ठेवत होते, रक्त पीत होते. सेवेकरी कसला, रक्तपिपासू म्हणायची वेळ आली. मग २०२० साली दक्षिण आफ्रिकेत रोआन प्लॉट्झ आणि वेन लिंकलेटर यांनी काळ्या गेंड्यांवर वेगळाच प्रश्न विचारला. माणूस पायी जवळ येतोय हे गेंड्याला कधी कळतं? पक्षी नसताना २३ टक्के वेळा कळलं. पाठीवर पक्षी असताना दर वेळी कळलं, आणि तेही सरासरी ६१ मीटर अंतरावरून. गेंड्याची नजर अधू असते, पक्ष्याचा ओरडा त्याला पुरतो. स्वाहिलीत या पक्ष्याचं नाव 'अस्करी वा किफारू', म्हणजे गेंड्याचा पहारेकरी. लोकांनी नावातच सांगून ठेवलं होतं, संशोधक मात्र इतकी वर्षं गोचिड्या मोजत बसले.

पहारेकऱ्यावरून आपला कोतवाल पक्षी आठवतो. नाव पोलिसाचं आणि कामही बरंचसं तेच. शिकारी पक्षी दिसला की सगळ्यात आधी याचा आरडाओरडा. श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात एबेन गुडेल आणि सरथ कोटागामा यांनी मिश्र थव्यांचा अभ्यास केला. लांब शेपटीचा पल्लवपुच्छ कोतवाल इतर पक्ष्यांच्या नकला करतो आणि त्या नकलांनी थव्यातले पक्षी त्याच्याकडे ओढले जातात असं त्यांनी २००६ साली दाखवलं. थवा फिरला की पानांतले किडे उडतात, ते कोतवाल टिपतो, बदल्यात थव्याला चौकीदार मिळतो. बघा, मीही 'बदल्यात' म्हणून बसलो! सवय जात नाही. आणि कोतवाल किती सरळ असतो? आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातल्या त्याच्या भाऊबंदाने, दुभंग शेपटीच्या कोतवालाने, चौकीदारीचाही धंदा केलाय. तो मीरकॅटच्या, म्हणजे मुंगसाच्या कुळातल्या बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्याच्या, मागे फिरतो, बऱ्याचदा खरा इशारा देतो, आणि एखाद्या मीरकॅटला जाडजूड किडा सापडला की खोटाच ओरडतो. मीरकॅट बिळाकडे पळतं, किडा कोतवालाचा. टॉम फ्लॉवर यांच्या मोजणीनुसार त्याचं जवळपास पाव अन्न अशा लुटीचं असतं. एकच हाक सतत वापरली तर कोणी भीक घालत नाही, म्हणून तो इतर जातींच्या इशाऱ्यांच्या नकला करत हाका बदलत राहतो. खरे इशारे जास्त असतात म्हणूनच खोटा खपतो. आपल्याकडच्या कोतवालावर असं तपशिलात काम करायला भरपूर वाव आहे.

ज्या उदाहरणापुढे माझा संशय गप्प बसतो ते मधदर्शक पक्ष्याचं. मोझांबिकच्या नियासा भागात याओ लोक मध काढायला निघताना 'ब्रर्र' करून शेवटी 'हम्म' असा हुंकार देतात. पक्षी येतो, झाडाझाडावरून पुढे उडत पोळ्यापर्यंत नेतो. माणूस धूर करून पोळं फोडतो आणि मध घेतो, पक्ष्याला मेण मिळतं. क्लेअर स्पॉटिसवूड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ही हाक, माणसाचे साधे शब्द आणि दुसऱ्या एका पक्ष्याचा आवाज असे तिन्ही वाजवून पाहिले. इतर आवाजांवर पक्ष्याने वाट दाखवण्याची शक्यता ३३ टक्के होती, खऱ्या हाकेवर ६६. केनियात हुसेन इसाक आणि हाइन्झ-उलरिख रायर यांनी १९८९ सालीच दाखवलं होतं की अनोळखी भागात बोरान मध-शोध्यांना पक्ष्याविना पोळं सापडायला सरासरी ८.९ तास लागत, पक्षी असताना ३.२.

इथे पक्षी खर्च करतो. तो स्वतःहून माणसापाशी येतो, खास आवाज काढतो, थांबून वाट बघतो. माणूसही खास हाक मारतो, जी त्याच्या दुसऱ्या कशाच्याही उपयोगाची नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांसाठीच केलेलं वर्तन आहे. २०२३ साली याच संशोधकांच्या कामातून आणखी एक पदर उलगडला. टांझानियातले हाद्झा लोक हाकेऐवजी शीळ घालतात. तिथले पक्षी शिळेला जास्त दाद देतात, नियासातले पक्षी याओंच्या हाकेला. आणि हे त्यांना आईबापांकडून मिळालेलं नसतं, कारण मधदर्शक कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. म्हणजे पक्षी मोठा झाल्यावर गावची बोली शिकतो.

हिमालयातही मधदर्शकाची एक जात आहे. ती आग्या मोहळांच्या कड्यांजवळ राहते, मेण खाते, पण माणसाला वाट दाखवत असल्याचं कोणी नोंदवलेलं नाही. पक्षी आहे, मध आहे, मध काढणारी माणसंही आहेत, तरी करार झाला नाही. का, हा प्रश्न मला अधूनमधून झोपू देत नाही.

तर तुमच्या प्रोजेक्टबद्दल. तीन महिन्यांसाठी व्याघ्र प्रकल्पाच्या नादी लागू नका. परवानगीची फाईल फिरून येईपर्यंत तुमची परीक्षा होऊन जाईल, आणि आत गेलात तरी पायी फिरू देतील याची खात्री नाही. गावाबाहेरचं गायरान घ्या. गाई-म्हशींमागे फिरणारे गायबगळे, म्हशीच्या पाठीवरचा कोतवाल, साळुंक्या, एवढं साहित्य पुष्कळ आहे. जनावराजवळचा बगळा कमी पावलांत जास्त किडे टिपतो हे परदेशात मोजून झालंय. तुम्ही पुढचा प्रश्न घ्या: एकाच म्हशीमागे बगळाही असेल आणि कोतवालही असेल तर कोतवालाच्या वाट्याला जास्त येतं की कमी? एक चांगली दुर्बीण, घड्याळ, पेन्सिल (पेन नको, दवाने शाई पसरते) आणि आधी आखलेला तक्ता. एक पक्षी, दोन मिनिटं, किती झेपा, त्यातल्या किती यशस्वी. म्हैस चरत होती, चालत होती की बसली होती, हा रकाना विसरू नका, कारण बसलेली म्हैस किडे उडवत नाही आणि तुमची सगळी सरासरी तिथे बिघडते. म्हशींपासून लांब एकटा बसलेला कोतवालही तितक्याच वेळा मोजा, नाहीतर तुमचाही लग्नाचा मांडव होईल.

पहिला आठवडा आकडे फेकून द्यायच्या तयारीनेच जा, हात बसायला तेवढा वेळ लागतो. आणि पहिल्याच दिवशी गुराख्याशी ओळख करून घ्या. कळप उद्या कुठे जाणार, कुठली म्हैस पक्ष्याला पाठीवर टिकू देत नाही, हे त्याला पाठ असतं.